सुरुवातीचं वजन

माझी वहिनी सरकारी नोकरीत आहे, पण तिचं काम नेमकं काय, हे आमच्या आईला आजतागायत नीट सांगता आलेलं नाही. शेजारपाजारी कोणी विचारलं की आई म्हणते, "उंदरांची हेडमास्तरीण आहे. ते नीट वागतात का बघायला जाते." वहिनी हसून दुरुस्त करते, "उंदीर नीटच वागतात हो आई. माणसं नीट वागतात का, ते बघायला जाते."

काम असं. जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायचा तर सरकारचा परवाना लागतो. कोणते प्राणी, किती, त्यांच्यावर काय करणार, त्यांना किती दुखणार आणि दुखणं कुठवर गेलं की थांबणार, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. ते अर्ज वहिनीच्या टेबलावर येतात. ती अटी घालते, परवाना निघतो, आणि मग एक दिवस न कळवता ती त्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहते. एकटीच. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत तिचा स्वतःचा वजनकाटा, कारण दुसऱ्याच्या काट्यावर तिचा भरवसा नाही. प्रयोगशाळांमधले लोक तिला पाठीमागे 'काटा' म्हणतात. आज काटा आला होता, काटा गेला एकदाचा, असं. तिला ते माहीत आहे. मला वाटतं तिला ते थोडं आवडतंही.

मी दादाच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दुकानाच्या वरच आम्ही राहतो. वहिनी घरी आली की आधी दुकानात डोकावते, माझ्या शेजारच्या स्टुलावर पाच मिनिटं टेकते आणि मगच जिना चढते. त्या शुक्रवारी ती टेकली नाही. सरळ वर गेली. काय झालं होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. काही तिनं सांगितलं, काही त्या प्रयोगशाळेच्या जनावरघरातल्या ताईंनी, आणि अगदी शेवटी, थोडंसं, सरांनी. तिघांचं सांगणं एकमेकांशी जुळतं, म्हणून लिहिते आहे.

सर म्हणजे वहिनीचे शिक्षक. शिक्षण संपल्यावर तीन वर्षं ती त्यांच्याच प्रयोगशाळेत होती. ससा कसा उचलायचा हे तिला त्यांनी शिकवलं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, तोंड आपल्या कोपरात दडवायचं, आणि पाठीला झटका बसू द्यायचा नाही, कारण घाबरून लाथ मारताना ससा स्वतःचाच कणा मोडून घेतो. "हात गडबडला तर तुझं डोकं गडबडलंय असं समज आणि बाहेर जा," असं ते म्हणायचे. पुढे ती खात्यात लागली, पण सणासुदीला नाही तरी वर्षातून एकदोनदा सरांकडे जायची. त्यांच्या परवान्याचं काम तिच्याकडे आलं तेव्हा तिनं वरिष्ठांना तसं सांगितलंही होतं. वरिष्ठ म्हणाले, या विषयातलं कळणारं दुसरं आहे कोण? तुम्हीच बघा.

सरांचा प्रयोग चांगल्या कामाचा होता. काही बाळांची आतडी जन्मतःच अपुरी जोडलेली असतात. कापून पुन्हा जोडावी लागतात, आणि इतक्या बारीक आतड्याला टाका धरत नाही. सरांनी एक वैद्यकीय डिंक तयार केला होता. टाक्याऐवजी तो लावायचा. अठरा सशांवर शस्त्रक्रिया करायची, चौदा दिवस ठेवायचं, आणि चौदाव्या दिवशी सगळ्यांना मरण देऊन जोड कसा भरला ते उघडून बघायचं. परवान्यात वहिनीनं एक अट घातली होती: सुरुवातीच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त घट झाली तर त्या प्राण्याला त्याच दिवशी वेदनारहित मरण द्यावं. चौदाव्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही.

शुक्रवार हा अकरावा दिवस होता.

वहिनी साडेदहाला पोहोचली. पायांत कापडी मोजे, डोक्याला निळी टोपी, मग दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं न उघडणारी. आत वाळलेल्या गवताचा आणि जंतुनाशकाचा वास. ताई पिंजरे पुसत होत्या. त्या तिथे चौदा वर्षं आहेत. धिप्पाड बाई, बोलणं मोजकं. एरवी वहिनी आली की त्या मान हलवून आपलं काम चालू ठेवायच्या. त्या दिवशी त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि हात पुसत उभ्या राहिल्या.

"आलात ते बरं झालं मॅडम," त्या म्हणाल्या. बास, तेवढंच.

वहिनीनं प्रत्येक पिंजऱ्यावरचं कार्ड वाचलं. सुरुवातीचं वजन, रोजचं वजन, घट किती टक्के, तपासणाऱ्याची सही. एकही रकाना रिकामा नव्हता. सगळ्यात जास्त घट सोळा टक्के. मग तिनं आपला काटा काढला, टोपलीत टॉवेल अंथरला आणि एकेक ससा उचलून वजन करायला लागली. आकडे कार्डाशी तंतोतंत जुळले. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

पण हाताला वेगळंच लागत होतं. चार नंबरचा ससा उचलला तेव्हा पाठीचे मणके माळेसारखे बोटांना लागले. पोट फुगून ताठ. डोळे अर्धे मिटलेले. आणि कोपरात तोंड दडवल्यावर तिला तो आवाज आला, करकर, करकर, दातांवर दात. ससा ओरडत नाही. फार दुखलं की दात खातो. सात नंबर तसाच. अकरा नंबर तसाच. पिंजऱ्याखालचे ट्रे तिनं ओढून पाहिले. काही ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. म्हणजे पोट चालतच नव्हतं.

"ताई, हे ट्रे आज बदललेत का?"

"बुधवारपासून बदललेच नाहीत. बदलायला त्यात काही पडायला तर हवं."

वहिनी पुन्हा कार्डापाशी गेली. चार नंबर: सुरुवातीचं वजन दोन किलो सातशे. आजचं दोन किलो तीनशे. पूर्ण वाढलेला, तगडा ससा, आणि सुरुवातीला दोन सातशेच? तिनं विचारलं, "हे ससे आले तेव्हा किती वजनाचे होते?"

ताईंनी दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "आल्याची पावती ऑफिसात असते. मला ठाऊक नाही असं नाही. मीच उतरवून घेतले ना ते. तीन-तीन किलोच्या वर होता एकेक."

तेवढ्यात सर आत आले. पांढरे केस टोपीतून बाहेर आलेले, हातात चष्मा. आमच्याच दुकानातला. "आलीस? मला वाटलंच होतं या आठवड्यात येशील," ते म्हणाले. वहिनीनं पावती मागितली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, स्वतः जाऊन फाइल आणून दिली. चार नंबर, आल्या दिवशीचं वजन: तीन किलो शंभर.

तिनं तिथेच टेबलावर आकडेमोड केली. तीन शंभरावरून दोन तीनशे. सव्वीस टक्के घट. अठरा सशांचं सगळं करून झालं तेव्हा सात ससे वीस टक्क्यांच्या पलीकडे होते.

"सर, तुम्ही सुरुवातीचं वजन तिसऱ्या दिवसाचं धरलंय."

"हो."

"शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या दिवसाचं?"

"शस्त्रक्रियेत सलाइन जातं, आधी उपाशी ठेवलेलं असतं, वजन वरखाली होतं. तिसऱ्या दिवशी ते ठरतं. माझी निरीक्षणं तिसऱ्या दिवशी सुरू होतात. ती माझी सुरुवात." सरांनी चष्मा लावला आणि परवान्याची प्रत तिच्यापुढे सरकवली. "कुठे लिहिलंय की आल्या दिवशीचं वजन धरा म्हणून? दाखव मला."

लिहिलेलं नव्हतंच. 'सुरुवातीच्या वजनाच्या' एवढंच होतं. वहिनी मला म्हणाली, "ते वाक्य मी इतक्यांदा लिहिलं होतं की मला ते दिसतच नव्हतं. त्या टेबलावर मला ते पहिल्यांदा दिसलं."

म्हणजे सरांनी परवाना मोडला नव्हता. चूक होती ती वाक्यात, आणि वाक्य वहिनीचं.

कायद्यात निरीक्षकाला, म्हणजे वहिनीला, एक अधिकार असतो. परवान्यात काहीही लिहिलेलं असो, एखादा प्राणी अवाजवी यातना भोगतोय असं निरीक्षकाचं मत झालं, तर ती त्याला तिथल्या तिथे मरण देण्याचा लेखी हुकूम काढू शकते. कारण मात्र लिहावं लागतं. बावीस वर्षांत तिनं तो हुकूम दोनदाच वापरला होता, दोन्ही वेळा एकेका उंदरासाठी.

सरांना ते कळलं. ते स्टूल ओढून तिच्या समोर बसले. ताई भिंतीपाशी उभ्या होत्या.

"ऐक. आज शुक्रवार. सोमवारी चौदावा दिवस. सोमवारी हे सगळे तसेही जाणार आहेत. तीन दिवसांचा प्रश्न आहे. आज तू सात मारलेस तर अकरा उरतात, आणि अकरांवर काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे मला पुन्हा अठरा ससे आणावे लागणार, पुन्हा अठरा पोटं कापावी लागणार. सात वाचवून तू अठरा मारणार. आणि वाचवणार तरी कसली? मारणारच."

"मला ते कळतंय सर."

"मागच्या वर्षी आपल्या इस्पितळात चार बाळं टाका सुटून गेली. त्यातल्या एकीच्या बापाला मी स्वतः सांगितलं. तुला कळतंय म्हणतेस."

वहिनीनं मधला रस्ता काढून पाहिला. तीन दिवस वेदनाशामक द्या, भरवून अन्न द्या, मग सोमवारपर्यंत थांबू. सरांनी नकारार्थी मान हलवली. त्या औषधानं जोड भरण्यावर परिणाम होतो. तिसऱ्या दिवसानंतर ते बंद, असं परवान्यातच होतं. वहिनी म्हणाली, माझी परवानगी आहे, द्या. ज्यांचं पोट चालतंय त्यांना उपयोग होईल. बाकीच्यांचं काय? सरांनाही माहीत होतं. ज्या सशाचं पोट तीन दिवस बंद आहे, त्याचं औषधानं काही होत नाही. तो सोमवारपर्यंत टिकला तरी कसा टिकेल, हे दोघांनाही नीट ठाऊक होतं.

ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि साहेबांना फोन लावला. साहेब तिचे वरिष्ठ. वाईट माणूस नाही, पण कागद दिसला की दोन पावलं मागे सरतो.

"त्यांनी परवान्याविरुद्ध काही केलंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"अट चुकीची लिहिली गेलीय."

"कोणी लिहिलीय?"

"मी."

मग साहेब हळू आवाजात बोलले, "हे बघा. सोमवारी अट दुरुस्त करून घेऊ. आज कागदावर काहीही आणू नका. तुमच्या चुकीमुळे प्रयोग बुडाला असं उद्या संस्थेनं म्हटलं तर मी काय उत्तर देऊ? उपसंचालकांच्या जागेची यादी माझ्याच टेबलावर आहे. तुमचं नाव पहिलं आहे, म्हणून सांगतोय. घरी जा."

"साहेब, जनावरं दात खातायत."

"मी ऐकलं नाही असं समजा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचा नळ होता. वहिनी म्हणते, तिथे मी उगाच हात धूत उभी राहिले, दोनदा-तीनदा. तिला घरी निघून जावंसं वाटत होतं, हे तिनं माझ्यापासून लपवलं नाही. सर जे म्हणत होते ते खोटं नव्हतं. साहेब जे म्हणत होते ते सोयीचं होतं, आणि ती नुसती निघून गेली असती तर कोणाला काही कळलं नसतं. ताईंना कळलं असतं. पण ताईंना विचारतं कोण?

ती परत आली तेव्हा घड्याळात अडीच झाले होते. तिनं सातही ससे पुन्हा एकेक करून पाहिले. सव्वा तास लागला. कान थंड आहेत का, पोट दाबलं तर काय करतो, समोर गवत धरलं तर तोंड हलवतो का. सर दारात उभे राहून बघत होते. नऊ नंबरचा ससा आकड्यानं मर्यादेच्या बाहेर होता, तेवीस टक्के. पण त्यानं गवताची काडी ओढली आणि चघळायला लागला. त्याच्या ट्रेमध्ये चार-पाच लेंड्या होत्या, बारीक, पण होत्या.

तिनं हुकुमाचं पुस्तक काढलं. तीन प्रती, मध्ये कार्बन. सहा नंबर लिहिले.

"सहा?" सर म्हणाले. "तुझ्या हिशेबानं सात आहेत ना?"

"नऊ नंबर खातोय."

"म्हणजे आकड्याचा प्रश्न नाही. तुझं मत."

"हो. कायद्यात तसंच आहे. निरीक्षकाच्या मते."

"उद्या कोणी विचारलं, नऊला सोडलं आणि बाकीच्यांना का नाही?"

"तर सांगेन, हात लावून पाहिलं आणि असं वाटलं."

"यासाठीच मी तुला शास्त्र शिकवलं का?" सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. ताई म्हणतात, त्या खोलीत सरांचा चढलेला आवाज त्यांनी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

वहिनीनं कार्बन सरळ केला. पुढचा रकाना 'कारण' असा होता. तिनं लिहिलं: पोट बंद, तीव्र वेदनेची लक्षणं, सुधारण्याची शक्यता नाही. तेवढं पुरेसं होतं. तिथे पूर्णविराम देऊन ती सही करू शकली असती. पेन कागदावर तसंच राहिलं. मग तिनं खाली आणखी दोन वाक्यं लिहिली: 'परवान्यातील अट संदिग्ध असल्याने ही अवस्था वेळेवर लक्षात आली नाही. सदर अट मी लिहिलेली आहे.' आणि सही केली.

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "हे कशाला लिहिलंस?" त्यांनी विचारलं. आता आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य.

"नाहीतर तुमच्यावर येईल."

हुकूम झाला की अंमल लगेच करायचा असतो. प्रयोगशाळेचे पशुवैद्य त्या दिवशी रजेवर होते, त्यामुळे ते सरांनाच करावं लागलं. कानाच्या शिरेत इंजेक्शन. तिथली माणसं त्याला 'झोपवणं' म्हणतात. ताई ससा धरत होत्या, सर सुई घालत होते, वहिनी घड्याळ बघून वेळ लिहीत होती. चार वीस. चार सत्तावीस. चार पस्तीस. चौथ्याच्या वेळी सरांची शीर चुकली. ससा झटकला. ताईंची पकड सुटायला आली आणि सर मागे सरले, सुई हातात धरून. पंचेचाळीस वर्षं ज्यांनी हे काम केलं त्यांचा हात गडबडला होता.

"तू धर," ते वहिनीला म्हणाले.

तिनं लिहिणं थांबवलं, बाही वर केली आणि ससा घेतला. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, तोंड कोपरात. ससा तिच्या अंगावर टेकला. सरांनी श्वास घेतला आणि सुई बरोबर गेली. उरलेले दोनही तिनंच धरले. पाच वाजून पाच मिनिटांनी शेवटची वेळ लिहिली. ताईंनी सहा पिंजऱ्यांवरची कार्डं काढली. निघताना ताई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बुधवारी मी सरांना सांगितलं होतं मॅडम. ते म्हणाले, आकडा बसतोय."

घरी आल्यावर वहिनी जेवली नाही. आईनं विचारलं, "काय गं, उंदरांनी दंगा केला का?" तर ती म्हणाली, "ससे होते आई आज," आणि खोलीत गेली. दादानं मला खूण केली, विचारू नकोस.

पुढचं सगळं अंगावर येणारंच होतं. शनिवार-रविवार ती कार्यालयाची किल्ली मागून घेऊन जुने परवाने काढत बसली, आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर हुकुमाच्या प्रतीबरोबर आणखी एक यादी ठेवली. तेच वाक्य, 'सुरुवातीच्या वजनाच्या', तिच्या हातून आणखी एकेचाळीस परवान्यांत गेलं होतं. एकातून दुसऱ्यात उतरवलेलं. ते सगळे परवाने परत मागवून अट बदलायला हवी, असं तिनं वर लिहिलं होतं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "एक चूक मान्य केलीत ती केलीत," ते म्हणाले, "बाकीच्या एकेचाळीस कशाला खणून काढल्या?"

तिघांची चौकशी समिती बसली. तिला तपासणीवरून काढून टेबलाच्या कामावर बसवलं, आठ महिने. उपसंचालकांची जागा दुसऱ्याला गेली. आणि मधेच एका वर्तमानपत्रात बातमी आली: 'महिला अधिकाऱ्याच्या हुकुमावरून सहा सशांचा बळी.' कोणी दिली ते कळलं नाही. आमच्या दुकानात एक बाई आल्या, चष्मा डोळ्यांवर लावून आरशात बघता बघता म्हणाल्या, "ती बातमीतली बाई इथेच राहते म्हणे? कशी असतात ना माणसं." मी काच घासत राहिले. माझा हात इतक्या जोरात चालला की काच फुटली. दादानं नवी दिली. आई मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. ती जिन्यावरून ओरडली, "सहाच छापले, पण सातवा सोडला तिनं! नीट छापायला सांगा त्यांना!"

त्या सहांना उघडून पाहिलं तेव्हा चौघांचा जोड गळत होता. दोघांचा जोड मात्र धड होता, अगदी धड. पोट का बंद पडलं ते कळलंच नाही. नऊ नंबर आणि बाकीचे अकरा सोमवारी ठरल्याप्रमाणे गेले. बारांच्या आकड्यावर सर म्हणाले होते तसंच झालं, निष्कर्ष निघाला नाही. सरांनी सगळी कागदपत्रं समितीला दिली, जबाबात वहिनीविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत, आणि तिच्याशीही एक शब्द बोलले नाहीत. वहिनीनं दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्या आठ महिन्यांत ती इतकी वाळली की आई तिच्या ताटाशी बसून राहायची.

समितीनं शेवटी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. हुकूम योग्य, अट निष्काळजीपणे लिहिलेली. दोन्ही तिच्या फायलीत आहेत, एकाच पानावर. एकेचाळीस परवाने बदलले. त्यातल्या दोन ठिकाणी खरोखरच तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं वजन धरलं जात होतं.

दीड वर्षानं सरांचा नवा अर्ज आला. तोच डिंक, सुधारलेला, सोळा ससे. वहिनी म्हणाली मी बघणार नाही, पण परवाने मंजूर करणाऱ्या समितीच्या सभेला तिला बसावंच लागलं. सर आणि ती समोरासमोर. तिथे तिनं मांडलेल्या प्रत्येक अटीवर सरांनी आक्षेप घेतला, तिनं प्रत्येकावर उत्तर दिलं, आणि सकाळी अकराला सुरू झालेली सभा चारला संपली. एका अटीवर मात्र सर अडले नाहीत, उलट ती त्यांनीच सुचवली: जनावरघर सांभाळणाऱ्या व्यक्तीनं थांबवा म्हटलं, तर थांबवायचं. त्याच व्यक्तीच्या सहीनं. आकडा काहीही असो.

सभा संपल्यावर जिन्यात त्यांनी तिला गाठलं. "त्या अटीतली फट मला दिसली होती," ते म्हणाले. "पहिला परवाना हातात आला त्याच दिवशी. वाटलं, फोन करून सांगावं. केला नाही." वहिनी उभी राहिली. ते पुढे म्हणाले, "चौकशी समितीसमोर हे बोललो नाही. बोलायला हवं होतं." मग ते कठडा धरून जिना उतरून गेले. आमच्या दुकानात चष्म्याचा नंबर बदलायला आले तेव्हा हेच त्यांनी मलाही सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. दादा काचा शोधायला आत गेला होता.

दुसऱ्या प्रयोगात पाचव्या दिवशी ताईंनी दोन ससे थांबवले. बाकीच्यांवरून निष्कर्ष निघाला, बऱ्यापैकी चांगला. तो डिंक अजून इस्पितळात पोहोचलेला नाही, आणखी दोन पायऱ्या आहेत म्हणतात. सर निवृत्त झालेत.

वहिनीच्या नोकरीची चार वर्षं उरलीत. ती पुन्हा तपासणीला जाते. परवा स्टुलावर टेकली होती, तेव्हा मी विचारलं, "पुन्हा तशीच वेळ आली तर गं?"

"आली की. दोनदा. एकदा थांबवलं, एकदा नाही थांबवलं."

"नाही थांबवलं तेव्हा बरोबर होतं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "त्या प्रयोगाचा अहवाल यायचाय." आणि मग वरून आईनं हाक मारली, म्हणून ती जिना चढून गेली.